ॲम्लोडिपिन: उशिरा लागू पडणारी गोळी आणि संध्याकाळी सुजणारे पाय

बीपीच्या रुग्णाच्या चिठ्ठीवर आपल्याकडे हमखास दिसणारं नाव म्हणजे ॲम्लोडिपिन. २०१७ साली सुरू झालेल्या ‘इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह’ या सरकारी कार्यक्रमाच्या औषधांतही ही गोळी आहे. तिच्याबद्दल दोन तक्रारी ठरलेल्या असतात. ‘चार दिवस घेतली, बीपी हललंच नाही’ ही पहिली. ‘पाय सुजले, किडनीवर परिणाम झाला वाटतं’ ही दुसरी. दोन्ही वेळा माणूस गोळी बंद करून मोकळा होतो, आणि दोन्ही वेळा ते चुकतं.

बारीक धमन्यांच्या भिंतीत स्नायूंचा थर असतो. या पेशींच्या बाहेर कॅल्शियमचं प्रमाण आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट असतं. पेशीच्या आवरणातली दारं उघडली की कॅल्शियम आत घुसतं, स्नायू आवळतो आणि धमनी अरुंद होते. ॲम्लोडिपिन ही दारं बऱ्याच अंशी बंद ठेवतं. धमनी थोडीच सैल पडली तरी फरक मोठा पडतो, कारण रक्तप्रवाहाला होणारा विरोध त्रिज्येच्या चौथ्या घातावर ठरतो. त्रिज्या १० टक्के वाढली, तर विरोध जवळपास एक तृतीयांश घटतो. हातापायांचे स्नायू मात्र आवळण्यासाठी पेशीतल्याच साठ्यातलं कॅल्शियम वापरतात, त्यामुळे त्यांची ताकद कमी होत नाही. हाडांसाठीची कॅल्शियमची गोळी किंवा दूध बंद करण्याचंही कारण नाही. गोळी दार अडवते, रक्तातलं कॅल्शियम कमी करत नाही.

आता पहिली तक्रार. गोळी घेतल्यावर औषधाची रक्तातली पातळी ६ ते १२ तासांनी शिखरावर जाते आणि निम्मं औषध शरीराबाहेर जायला ३० ते ५० तास लागतात. म्हणून रोजची मात्रा साठत साठत स्थिर व्हायला आठवडाभर लागतो. परिणाम जोखायचा तर किमान दोन आठवडे थांबावं. मोजताना सकाळी गोळीपूर्वी, पाच मिनिटं पाठ टेकून बसून, हात छातीच्या उंचीवर ठेवून, एक-दोन मिनिटांच्या अंतरानं दोनदा मोजावं. घरी सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त येत राहिली, तर डॉक्टरांना दाखवावी.

या संथपणाचा फायदा असा की एखादी गोळी चुकली तरी बीपी लगेच उसळत नाही. १२ तासांच्या आत आठवलं तर घ्यावी, नाहीतर सरळ पुढच्या वेळेची घ्यावी. दोन एकदम कधीच नाही. सकाळी की रात्री, हा वादही फार ताणू नये. रोजची वेळ एकच असली की पुरे.

पायांची गोष्ट जरा खोलात समजून घेण्यासारखी आहे. गोळी केशवाहिन्यांच्या अलीकडची धमनी सैल करते, पण पलीकडची शीर तितकी सैल होत नाही. मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी ऊतींत झिरपतं. दिवसभर उभं राहिल्यावर ते घोट्यांशी उतरतं. संध्याकाळी मोज्याची खूण खोल उमटते, सकाळी सूज ओसरते. मात्रेशी याचं थेट नातं आहे: ५ मिलिग्रॅमवर शंभरात साधारण तिघांना, तर १० वर दहा-अकरा जणांना सूज येते. शरीरात मीठ-पाणी साचल्यामुळे ही सूज आलेली नसते, त्यामुळे लघवी वाढवणाऱ्या गोळीनं ती फारशी उतरत नाही. तरीही ती गोळी सुरू होते, मग सोडियम-पोटॅशियम बिघडतं, मग त्यावर आणखी एक औषध! त्यापेक्षा डॉक्टर मात्रा निम्मी करतात किंवा टेल्मिसार्टनसारखं बीपीचं दुसरं औषध जोडतात. ते शिराही सैल करतं, म्हणून सूज घटते. सिल्निडिपिन हा ॲम्लोडिपिनच्याच गटातला पर्यायही आपल्याकडे वापरला जातो. मात्र एकाच पायाला दुखरी सूज, धाप लागणं किंवा सकाळी चेहरा सुजणं ही लक्षणं गोळीच्या माथी मारू नयेत. लगेच तपासून घ्यावं.

हिरड्या वाढून दातांवर चढू लागल्या तर दंतवैद्यांना ही गोळी चालू असल्याचं जरूर सांगावं.

दुकानात एक घोटाळा नेहमी होतो. ‘एस-ॲम्लोडिपिन २.५’ ही साध्या ॲम्लोडिपिन ५ च्या बरोबरीची असते, कारण साध्या गोळीत निम्मा भाग त्याच रेणूच्या निष्क्रिय आरसाप्रतिमेचा असतो. पाकीट बदललं की नावाआधीचं ‘एस’ बघावं, नाहीतर मात्रा नकळत दुप्पट किंवा निम्मी होते.

सोबतची औषधंही सांगायला हवीत. क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक ॲम्लोडिपिनचा यकृतातला निचरा अडवून बीपी फार उतरवू शकतं, आणि सिमव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉलचं औषध चालू असेल तर त्याची मात्रा दिवसाला २० मिलिग्रॅमपुढे नेत नाहीत. ग्रेपफ्रूटचा रस ॲम्लोडिपिनच्याच गटातल्या फेलोडिपिनची रक्तातली पातळी कित्येक पट वाढवतो. पपनस त्याच कुळातलं, पण ॲम्लोडिपिनवर या फळांचा परिणाम किरकोळ असतो. व्हेरापामिल आणि डिल्टियाझेम मात्र कॅल्शियमची दारं अडवणाऱ्या याच गटातली असूनही हृदयाचे ठोके मंदावतात. बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोके मंद करणारं आणखी एक औषध, आधीच चालू असेल, तर ही दोन औषधं त्यात स्वतःहून कधीही मिसळू नयेत.