भोपळ्याची पांढरी बी आणि हिरवी बी

लाल भोपळा कापला की आतून निघतात त्या बिया पांढऱ्या, बुळबुळीत, बोटांतून सटकणाऱ्या. पाकिटातून येतात त्या गर्द हिरव्या, चपट्या, गुळगुळीत. दोन्हींना आपण 'भोपळ्याच्या बिया' म्हणतो आणि एकीची कृती दुसरीवर चालवतो. मग कुठे करपतात, कुठे चामट होतात.

पांढरं दिसतं ते टरफल. वाळलेल्या बीची कड दातांत धरून हलकेच फोडली की आतून गर निघतो. त्यावर हिरवट, कागदासारखा पातळ पापुद्रा असतो. म्हणजे हिरवी बी कच्ची नसते आणि रंगवलेलीही नसते, ती नुसती टरफलाबाहेर आलेली असते. काही भोपळ्यांच्या बियांना तर मुळातच कठीण टरफल येत नाही. ऑस्ट्रियातल्या स्टायरिया भागातला तेलभोपळा असाच. 19व्या शतकात त्याच्यात एक जनुकीय बदल झाला, टरफलाच्या जागी नुसता पापुद्रा उरला आणि बी थेट घाण्यात घालता येऊ लागली.

आता भाजणं. पांढऱ्या बीला आधी पाणी लागतं. भोपळ्याचे धागे काढायला बिया पाण्यात चोळायच्या, धागे खाली बसतात आणि बिया तरंगतात. मग खारट पाण्यात दहा मिनिटं उकळायच्या. ही पायरी बरेच जण गाळतात, आणि माझ्या मते सगळी गंमत तिथेच जाते. वरून भुरभुरलेलं मीठ टरफलावरच राहतं, उकळताना ते आत गरापर्यंत पोचतं, टरफलही थोडं नरमतं. निथळून कापडावर रात्रभर पसरायच्या. दुसऱ्या दिवशी वाटीभर बियांना चमचाभर तेल चोळून ओव्हनमध्ये 160 अंशांवर 25 ते 30 मिनिटं, मधून एकदा हलवून. झाल्या का ते रंगावरून ओळखू नका. एक बी काढून निवू द्या आणि चावा. कट्कन तुटली तर झाली, दाताखाली वाकली तर अजून वेळ आहे.

हिरवीला यातलं काहीच नको. पाणी नको, तेलही नको, कारण तिच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग तेलच असतं. कोरड्या कढईत मध्यम आचेवर चार-पाच मिनिटं हलवत राहायचं. तडतड सुरू होते, चपटी बी फुगून गोलसर होते, एखादी उडून ओट्यावर पडते. अर्ध्याअधिक फुगल्या की गॅस बंद करून लगेच ताटात काढा, तापलेल्या कढईत त्या पुढेही भाजत राहतात. मीठ मात्र या गुळगुळीत अंगाला धरत नाही. त्यासाठी चमचाभर पाण्यात मीठ विरघळवून शेवटच्या मिनिटाला कढईत शिंपडायचं. चर्र आवाज होतो, पाणी उडून जातं आणि बीवर मिठाचा पांढुरका थर बसतो.

एकदा वेळ वाचवायला मी दोन्ही एकाच ट्रेमध्ये घातल्या होत्या. हिरव्या काळ्याकडू झाल्या तेव्हा पांढऱ्या अजून चामटच होत्या.

पोषणात फरक पडतो तोही टरफलामुळे. 100 ग्रॅम नुसत्या गरात साधारण 30 ग्रॅम प्रथिनं आणि सहा ग्रॅम तंतू असतात. टरफलासकट भाजलेल्या बियांत प्रथिनं 18-19 ग्रॅमवर येतात आणि तंतू जवळपास तितकेच, 18 ग्रॅम. टरफल खायचं की थुंकायचं? लहान भोपळ्याचं कोवळं असतं, चावून खाता येतं. मोठ्या, जून भोपळ्याचं मी तरी थुंकते.

साखरेच्या पाकात वड्या पाडायच्या असतील किंवा पूड करायची असेल, तर हिरवीच घ्या. पांढरी मिक्सरला लावली की टरफलाची कुसळं होतात, ती चाळणीतूनही सुटतात आणि घशाला टोचतात. घरी सोलून गर काढीन म्हणाल, तर एकदा वाटीभर सोलून बघा, पुढच्या वेळी पाकीट आणाल. नुसतं येता-जाता तोंडात टाकायला मात्र मला पांढरीच आवडते.

नीट न वाळलेल्या पांढरीला बुरशी येते. हिरवीचं तेल उघडं असल्यामुळे ती खवट होते, म्हणून जास्त असेल तर बरणी फ्रिजमध्ये ठेवावी. आणि दोन्हींपैकी कुठलीही बी न करपता जहर कडू लागली, तर तिखट-मिठात दडवू नका. तो भोपळ्याच्या जातीतला विषारी कडवटपणा असतो, भाजून जात नाही. अख्खा घाणा टाकून द्या.