सही एक, परवानग्या दोन

तातडीच्या वेळी संमतीसाठी थांबायचं नसतं, हे सोलापुरात आता रिक्षावाल्यालाही ठाऊक आहे. पुणे हायवेवर अपघात झाला, बेशुद्ध माणूस 108 मधून कॅज्युअल्टीत आला, सोबत कुणी नाही. डॉक्टर सही शोधत बसत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या 1989 च्या परमानंद कटारा निकालाने जीव आधी, पोलिसांचे कागद नंतर, हे ठरवून टाकलंय. संमती घेता येत नसताना रुग्णाच्या भल्यासाठी केलेल्या उपचाराला संरक्षण देणारं भारतीय न्याय संहितेचं कलम 30 आहेच. पुढे चला.

घोळ इथून सुरू होतो. "इमर्जन्सीत संमती लागत नाही ना, मग एआयला स्कॅन दिला तर काय बिघडलं?" अहो, दिला म्हणजे कशासाठी दिला?

आजोबांची उजवी बाजू लुळी पडली. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं आणि त्याआधी मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री करायची. रात्रीचे दोन वाजलेत, रेडिओलॉजिस्ट घरी. सॉफ्टवेअर सीटीवर संशयाची जागा रंगवून दाखवतं, डॉक्टर ती तपासून निर्णय घेतात. हा आजोबांचाच उपचार झाला. इथे संमतीवरून अडून बसणाऱ्यांचाही मला राग येतो.

आता तोच सीटी महिनाभराने सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीकडे गेला, पुढचं एआय मॉडेल शिकवायला. यात आजोबांना काय मिळालं? आणि घाई कुणाला होती? 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातल्या कलम 7 मधली वैद्यकीय तातडीची सवलत जिवावर किंवा तब्येतीवर अचानक बेतलेल्या प्रसंगाला तोंड देण्यापुरती आहे. मॉडेल शिकवणं म्हणजे काही जिवावरचा प्रसंग नव्हे. उपचाराच्या सवलतीची शिडी लावून माहितीच्या माडीवर चढायचं, हा प्रकार मला चोरीचाच वाटतो.

"नोंदीवरचं नाव काढलं की झालं" हे त्याहून डोक्यात जाणारं वाक्य. अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात मशीनमध्ये हात गेलेला बावन्न वर्षांचा कामगार, अमुक तारीख. घ्या, काढा नाव. अख्खी एमआयडीसी ओळखेल.

एका रुग्णालयातला फॉर्म मी पाहिलाय. तळाशी बारीक इंग्रजीत 'संशोधन व इतर कामांसाठी'. सिस्टर बोट ठेवते, "इथं." पूर्व भागातली तेलुगू बोलणारी आजी अंगठा उठवते, निळी शाई पदराला पुसते. तिला वाटतं, ऑपरेशनचा कागद.

माझं म्हणणं साधं आहे. माहिती वापरण्याच्या संमतीचा कागद वेगळा हवा, तिच्या भाषेत वाचून दाखवलेला, आणि नाही म्हटलं तरी औषधपाण्यात फरक पडणार नाही हे आधी सांगून. वेळ कुठाय, असं विचारतात. डिस्चार्जच्या दिवशी बिल होईपर्यंत नातेवाईक तीन-तीन तास बाकड्यावर बसून असतात. तेव्हा विचारा की.