गांधी कधी उठली? मास्ट पेशी आणि लँगरहान्स पेशी

घोडबंदर रोडच्या आतल्या बाजूच्या एका तबेल्यात परवा म्हशीच्या मानेवर लिंबाएवढी गांधी उठलेली. मालक घाबरलेला. विचारलं, "दादा, कधीपासून आहे?" "आत्ताच हो. धार काढताना काही नव्हतं." अर्धं निदान तिथेच झालं.

मिनिटांत उठते ती करामत मास्ट पेशींची. आजार झाल्यावर त्या येतात असं नाही. निरोगी कातडीतही आतल्या थरात, रक्तवाहिन्यांना आणि केसांच्या मुळांना बिलगून बसलेल्या असतात. पोटात हिस्टामिन (सूज आणि खाज आणणारं रसायन) आणि हेपारिन (रक्त गोठू न देणारं) यांचे दाणे खच्चून भरलेले. 1878 साली पॉल एर्लिख या जर्मन संशोधकाने हे नाव दिलं (जर्मनमध्ये 'मास्ट' म्हणजे खाऊ घालून पुष्ट करणं) ते त्या खाऊन पिऊन गुबगुबीत झाल्यात असं समजून! टोल्युइडिन ब्ल्यू हा निळा रंग लावला की दाणे निळे न दिसता जांभळे दिसतात. गोचीड चावली, दाणे फुटले, की वाहिन्या पाझरतात, सूज येते, खाज सुटते. खाजेचाही फायदा असतो, जनावर तिथे चाटतं आणि गोचीड निघते. जर्सी गाईंची तर गंमतच: धार काढायला उशीर झाला, की कधी स्वतःच्याच दुधातलं केसिन हे प्रथिन रक्तात उतरतं आणि अंगभर गांधी उठतात.

लँगरहान्स पेशी कातडीच्या अगदी वरच्या थरात, फांद्या पसरून बसलेल्या. 1868 मध्ये विद्यार्थी असलेल्या पॉल लँगरहान्सला त्या फांद्या पाहून मज्जासंस्थेच्या पेशी वाटल्या होत्या. या स्वतः गांधी उठवत नाहीत. बाहेरून आलेल्याचा तुकडा उचलून त्या लसिका ग्रंथीकडे निघतात (मानेवरून निघाल्या तर खांद्यापुढच्या गाठीकडे) आणि तिथल्या टी पेशींना (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना) तो दाखवतात. या कामाला दिवस लागतात.

गाईगुरांच्या टीबीची चाचणी याच सावकाश कारभारावर चालते. मानेवरचे केस काढून कातडीची घडी कॅलिपरने मोजतात, कातडीतच ट्युबरक्युलिन (टीबीच्या जंतूंपासून काढलेला अर्क) टोचतात आणि पुन्हा मोजतात ते 72 तासांनी. लँगरहान्स पेशींच्या भाऊबंद पेशींनी पूर्वी शिकवून ठेवलेल्या टी पेशी तिथे गोळा व्हायला एवढा वेळ लागतोच. त्यामुळे टोचल्यावर तासाभरात "सूज आली, टीबी आहे" म्हणणारा आणि दुसऱ्या सकाळी "काही नाही, पास" म्हणणारा, दोघांनाही तिसऱ्या दिवशी कॅलिपर घेऊन परत बोलवावं.