‘सच्छिद्र’ या एका शब्दामागचा इतिहास : तंतुकणिकेच्या आवरणातील वाहिनी-प्रथिने

शालेय विज्ञानाच्या पुस्तकात तंतुकणिकेच्या (मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या अंगकाच्या) रचनेचे वर्णन साधारण एका वाक्यात उरकलेले असते : दुहेरी आवरण, त्यांतले बाहेरचे सच्छिद्र आणि आतले घड्या पडलेले. घड्यांविषयी, तिथे चालणाऱ्या श्वसनाविषयी आणि एटीपी या ऊर्जा वाहून नेणाऱ्या रेणूविषयी पुढे बरेच काही शिकवले जाते. ‘सच्छिद्र’ या शब्दापाशी मात्र कोणी थांबत नाही. ही छिद्रे कोणी पाहिली, ती कशाची असतात, ती कधी मिटतात का, आणि वनस्पतींत व प्राण्यांत ती एकसारखी असतात का, या प्रश्नांचा उलगडा होण्यात अर्धशतकाहून अधिक काळ गेला. त्या शोधाच्या आरंभी वनस्पतींचा वाटा मोठा होता, आणि तो सहसा सांगितला जात नाही, म्हणून ही नोंद.

तंतुकणिकेला दोन आवरणे आहेत हे १९५०च्या दशकाच्या आरंभी जॉर्ज पलाडे आणि फ्रिट्यॉफ स्योस्ट्रँड यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. पुढे १९६१ मध्ये पीटर मिचेल यांनी एटीपीच्या निर्मितीविषयी आपला सिद्धान्त मांडला. आतल्या आवरणातून प्रोटॉन सहजी झिरपत नाहीत, हा त्या सिद्धान्ताचा पायाच असल्यामुळे सर्वांचे लक्ष आतल्या आवरणाकडे गेले. बाहेरच्या आवरणातून साखरेसारखे रेणू आरपार जातात हे प्रयोगांतून दिसत होते, पण एक साधी चाळणी यापलीकडे त्याला महत्त्व मिळाले नाही.

१९६५ मध्ये डी. एफ. पार्सन्स, वॉल्टर बॉनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वनस्पतींच्या तंतुकणिका जड धातूच्या क्षाराने रंगवून पाहिल्या, तेव्हा बाहेरच्या आवरणावर दाटीने बसलेले खळगे दिसले आणि प्रत्येक खळग्याच्या मध्यभागी सुमारे अडीच ते तीन नॅनोमीटर रुंदीचा रंगाने भरलेला ठिपका होता. अशा कामासाठी मूग फार सोयीचा ठरत असे. मोड आलेले मूग अंधारातच वाढू दिले की बीजदलांखालचा दांडा लांब, पांढरा आणि कोवळा राहतो. त्यात हिरवी हरितलवके तयार झालेली नसल्यामुळे तंतुकणिका वेगळ्या काढताना त्यांची भेसळ होत नाही. हे दांडे मॅनिटॉलच्या गार द्रावणात वाटायचे, कापडातून गाळायचे आणि सेंट्रिफ्यूजमध्ये आधी मंद व मग वेगाने फिरवायचे, की तळाशी तंतुकणिकांचा साका बसतो. आपल्या स्वयंपाकघरात उसळीसाठी भिजत पडणाऱ्या कडधान्याने पेशीविज्ञानाला एवढे दाखवून दिले, याचे मला आजही अप्रूप वाटते.

खळगे दिसले तरी ते आरपार मार्ग आहेत याचा पुरावा विजेच्या मोजमापातून मिळाला. १९७६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्टॅन शाइन, मार्को कोलंबिनी आणि अॅलन फिंकेलस्टाइन यांनी पॅरामेशियम या एकपेशीय जीवाचा अर्क कृत्रिम पटलावर घातला. अशा प्रयोगात क्षाराच्या द्रावणाचे दोन कप्पे असतात, मधल्या पडद्याला बारीक छिद्र असते आणि त्या छिद्रावर मेदाच्या दोन रेणूंइतके पातळ पटल ताणलेले असते. पटलातून जवळजवळ काहीच वीज वाहत नाही. अर्क घातल्यावर काही वेळाने प्रवाहाची रेघ एकदम एक पायरी वर चढते, मग दुसरी, मग तिसरी. प्रत्येक पायरी म्हणजे पटलात नव्याने रुतलेली एक वाहिनी. ही वाहिनी तंतुकणिकांमधून आल्याचे निष्पन्न झाले. विद्युतदाब थोडा असेपर्यंत ती उघडी राहते आणि कोणत्याही दिशेने तो सुमारे ३० ते ४० मिलिव्होल्टच्या पुढे गेला की ती अर्धवट मिटते. यावरून तिला व्हीडॅक, म्हणजे विद्युतदाबावर अवलंबून असणारी ऋणायन वाहिनी, हे नाव मिळाले. १९७९ मध्ये कोलंबिनी यांनी तीच वाहिनी उंदराच्या यकृतात दाखवली, आणि १९८० मध्ये हिरोशी निकाइदो यांच्या गटाने मुगाच्या तंतुकणिकांमधून असेच छिद्र घडवणारे सुमारे ३० हजार डाल्टन (रेणूच्या वस्तुमानाचे एकक) वजनाचे प्रथिन वेगळे केले.

व्हीडॅकचे मिटणे म्हणजे नळ बंद होणे नव्हे, आणि माझ्या मते या विषयात नेमके हेच नीट समजून घ्यायला हवे. मिटलेल्या स्थितीतही पोटॅशियमसारखे छोटे आयन जात राहतात. पसंती मात्र उलटते. उघडी असताना ती ऋणभारित कणांना झुकते माप देते आणि एटीपी सहज बाहेर सोडते. मिटल्यावर ती धनभारित आयनांना अनुकूल होते आणि एटीपी अडतो, हे १९९०च्या दशकात प्रत्यक्ष मोजले गेले. २००८ मध्ये तीन गटांनी स्वतंत्रपणे तिची रचना उलगडली : प्रथिनाच्या साखळीच्या एकोणीस पट्ट्यांनी बनलेले एक पिंप आणि त्याच्या पोकळीत आडवी बसलेली एक मळसूत्री शेपटी. जिवाणूंच्या बाह्य आवरणातल्या अशा पिंपांत पट्ट्यांची संख्या सम असते, त्यामुळे एकोणीस या विषम आकड्याने तज्ज्ञांनाही चकित केले. जिवंत पेशीत हे मिटणे विद्युतदाबाने होते की ट्युब्युलिनसारखी प्रथिने तोंडाशी अडकून ते घडवतात, यावर वाद आहे.

सस्तन प्राण्यांत व्हीडॅकचे तीन प्रकार आहेत. वनस्पतींतही एकाहून अधिक जनुके आहेत. दोन्हीकडच्या अमिनो आम्लांच्या क्रमात बराच फरक असूनही विजेच्या मोजमापात त्या जवळजवळ एकसारख्या वागतात. कामात मात्र फरक पडतो. माणसाच्या तंतुकणिकेचा जनुकसंच स्वतःसाठी लागणारे २२ टीआरएनए, म्हणजे प्रथिने बनवताना अमिनो आम्ले आणून देणारे रेणू, स्वतःच पुरवतो. वनस्पतींच्या तंतुकणिकांना काही टीआरएनए पेशीद्रवातून आणावे लागतात. बटाट्यावरील प्रयोगांतून २००६ मध्ये असे दिसले, की एवढा मोठा रेणू आत घेण्याच्या यंत्रणेत व्हीडॅकचाच प्रमुख भाग आहे. प्राण्यांत हीच वाहिनी हेक्झोकायनेज या विकराला धरून ठेवते, त्यामुळे बाहेर पडणारा एटीपी थेट ग्लुकोजच्या विघटनाच्या पहिल्या पायरीवर खर्ची पडतो. पेशीच्या मृत्यूशी जोडलेल्या मोठ्या छिद्राचा ती भाग आहे, असे अनेक वर्षे मानले जात होते. २००७ मध्ये उंदरांच्या पेशींतील व्हीडॅकची जनुके काढून टाकल्यावरही ते छिद्र उघडले आणि ती समजूत सोडावी लागली.

आतल्या आवरणातली गोष्ट याहून संथ चालली. तंतुकणिका कॅल्शियम शोषतात हे १९६० च्या सुमारास कळले होते, पण ते काम वाहिनीच करते हे यूरी किरिचोक, ग्रिगोरी क्रापिविन्स्की आणि डेव्हिड क्लॅपहॅम यांनी २००४ मध्ये दाखवले. पेशीद्रवात पोटॅशियम कॅल्शियमच्या सुमारे दहा लाख पटींनी जास्त असते, तरीही ही वाहिनी कॅल्शियमच निवडते. तिचे प्रथिन, एमसीयू, २०११ मध्ये वामसी मूथा आणि रोझारिओ रिझुटो यांच्या गटांना सापडले. या शोधाला बेकरीतल्या यीस्टचा उलट्या अर्थाने उपयोग झाला : यीस्टमध्ये ही क्षमताच नाही, म्हणून प्राण्यांत असलेल्या आणि यीस्टमध्ये नसलेल्या जनुकांची छाननी करता आली. वनस्पतींकडे ती आहे. अराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपट्यात एमसीयूशी नाते सांगणारी सहा जनुके आहेत आणि त्यांपैकी एकाचे प्रथिन खरोखरच कॅल्शियमची वाहिनी बनते, हे २०१७ मध्ये कृत्रिम पटलावर तशाच चढत्या पायऱ्यांनी सिद्ध झाले.