एल्गर व्हायोलिन कन्चर्टो : मेन्युइन यांचे ध्वनिमुद्रण (१९३२)

इंग्रज संगीतकार एडवर्ड एल्गर यांच्या बी मायनर या स्वरश्रेणीतल्या व्हायोलिन कन्चर्टोचे (एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना) व्हायोलिनवादक येहुदी मेन्युइन यांनी केलेले ध्वनिमुद्रण. १४ व १५ जुलै १९३२ रोजी ते लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत झाले. लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राचे संचालन खुद्द एल्गर करत होते. ते ७५ वर्षांचे होते, तर मेन्युइन अवघे १६ वर्षांचे.

ही रचना व्हायोलिनवादक फ्रिट्झ क्राइसलर यांना अर्पण केलेली असून तिचे पहिले वादनही त्यांनीच १० नोव्हेंबर १९१० रोजी केले. मुद्रणासाठी मात्र ते तयार होईनात, तेव्हा हिज मास्टर्स व्हॉइस या ध्वनिमुद्रण कंपनीच्या फ्रेड गैसबर्ग यांनी मेन्युइन यांना निवडले. (१९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित करणारे ते हेच.) एल्गर यांच्याशी झालेल्या भेटीत मेन्युइन यांनी थोडेसेच वाजवताच एल्गर यांनी पसंती दिली आणि ते घोड्यांच्या शर्यतीला निघून गेले.

सुमारे ५० मिनिटांची ही रचना सहा तबकड्यांवर बसवली गेली. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम चार मिनिटे मावत, म्हणून वादन तुकड्यातुकड्याने करावे लागे. तरीही भावाची सलगता कुठे तुटत नाही. तिसऱ्या भागातला कॅडेन्झा तर मुळातूनच ऐकावा. या जागी एरवी वाद्यवृंद गप्प राहतो आणि एकटा वादक आपले कसब दाखवतो. एल्गर यांनी मात्र तंतुवाद्यांना बोटांनी हलकेच तारा झंकारत ठेवायला लावले आहे. त्या झंकारावर मेन्युइन आधीच्या सुरावटी एकेक करून आठवल्यासारख्या वाजवतात. तिथे घाई नाही, दिखाऊपणाही नाही.

व्हायोलिनवादक अ‍ॅल्बर्ट सॅमन्स यांचे संचालक हेन्री वुड यांच्यासोबतचे याच रचनेचे १९२९ चे मुद्रण अधिक वेगवान आणि करारी आहे. ते कमी प्रतीचे मुळीच नव्हे. पण १९३२ च्या मुद्रणात रचनाकाराने स्वतः राखलेली लय मिळते, हे त्याचे वेगळे मोल. एल्गर यांचे निधन १९३४ मध्ये झाले.

पुढे शरीरावरचा ताण मेन्युइन यांना जाणवू लागला. १९५२ मध्ये मुंबईत त्यांची पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांच्याशी भेट झाली आणि त्यांच्याकडून ते योगासने शिकले. १९६० च्या दशकात एड्रियन बोल्ट यांच्या संचालनाखाली त्यांनी हाच कन्चर्टो पुन्हा मुद्रित केला. त्याचा ध्वनी अधिक स्वच्छ आहे, पण सुरातला ओलावा जुन्या तबकड्यांतच जास्त आहे.