गुडघ्याखालची उशी आणि चालवणारा रोबो

गूळ वाफ्यात ओतायच्या बेताला येतो, तेव्हा काहिलीतला पाक ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. उकळत्या पाण्यापेक्षा अठराच अंश जास्त. पण पाणी अंगावर पडलं तर ओघळून जातं. पाक चिकटून बसतो आणि आत उष्णता सोडत राहतो. माझ्या मामांच्या डाव्या पायावर तो पडला, मांडीच्या खालच्या भागापासून थेट घोट्यापर्यंत. कोल्हापूरजवळ करवीर तालुक्यातलं गुऱ्हाळ, ऐन हंगाम, आणि काहील ओतताना ओल्या चिपाडावरून सरकलेलं एक पाऊल.

दवाखान्यात जखमा भरल्या. दुसऱ्या मांडीची कातडी काढून लावली होती, तीही धरली. मामा घरी आले तेव्हा मामींनी त्यांच्या गुडघ्याखाली उशी सरकवली. गुडघा जरा दुमडलेला असला की कातडीवर ताण येत नसे, ठणका कमी व्हायचा, झोप लागायची. ती उशी दोन महिने तिथंच राहिली. काढायला हवी, हे त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. काढली तेव्हा गुडघा सरळ होईना आणि टाच जमिनीला टेकेना.

भाजलेल्यांवर उपचार करणारे लोक एक गोष्ट वारंवार सांगतात: रुग्णाला ज्या स्थितीत आराम वाटतो, त्याच स्थितीत सांधा आखडतो. यामागे शरीराचं चांगलंच काम आहे. जखम भरताना तिच्यात मायोफायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी तयार होतात. त्या निम्म्या स्नायूसारख्या वागतात, जखमेच्या कडा धरून आत ओढतात. बोट कापलं की याच ओढीमुळे जखम लवकर मिटते. पण भाजणं खोल असेल आणि जखम भरायला तीन आठवड्यांच्या वर लागले, तर ही ओढ थांबायचं नाव घेत नाही. कोलॅजन या प्रथिनाचे धागे दाटीवाटीनं साचतात, वण जाड, लालसर आणि कडक होतो. तो वर्ष-दीड वर्ष, कधी त्याहून जास्त काळ आतल्या आत बदलत राहतो. गुडघ्यामागे किंवा घोट्यावर असा वण असला, तर सांधा दिवसेंदिवस त्याच्या मर्जीनं वाकतो.

त्यात स्नायू झिजतात. मोठ्या भाजण्यानंतर शरीराची भट्टी भरधाव जळत असते आणि तिला इंधन म्हणून स्नायूंतली प्रथिनं जातात. अंगाचा किती भाग भाजला हे मोजताना डॉक्टर एक पाय १८ टक्के धरतात. म्हणजे दोन्ही पाय भाजलेल्या माणसाचा एक तृतीयांशाहून अधिक देह जखमी असतो, आणि तो अंथरुणात आठवडे काढतो.

आता साधं चालणं बघा. पाऊल पुढे टाकताना गुडघा सुमारे ६० अंश वाकतो, टाच टेकताना जवळजवळ सरळ होतो, आणि पावलावरून शरीर पुढे सरकताना नडगी सुमारे १० अंश पुढे झुकते. यातले शेवटचे दहा अंश गेले तरी माणूस चवड्यावर चालतो, कंबर उचलून पाय फेकतो. मामा असेच चालू लागले. वाईट हे की मेंदूला ही चाल पाठ होते. पुढे कातडी सैल केली तरी पाय जुन्याच वळणानं पडतो.

म्हणून वण अजून लवचिक आहे तोवर नीट चालण्याचा सराव व्हायला हवा, आणि तो भरपूर व्हायला हवा. एक फिजिओ गुडघा धरणार, दुसरा पाऊल, तिसरा कमरेला आधार देणार. पन्नास पावलांत रुग्ण रडकुंडीला येतो आणि तिघे घामाघूम होतात. अंगावर घालायचा रोबो इथं उपयोगी पडतो. तो मिनिटाला ४० पावलं, अशा संथ गतीनं चालवत राहिला, तरी अर्ध्या तासात १२०० पावलं होतात, आणि प्रत्येक पावलाला गुडघा ठरलेल्या कोनातून जातो.

अशा यंत्रांची सुरुवात १९६० च्या दशकाअखेर बेलग्रेडच्या मिहाइलो पुपिन संस्थेत मिओमीर वुकोब्रातोविच यांच्या गटानं केली. आज कमरेशी आणि गुडघ्याशी मोटर, सांध्यांत कोन मोजणारे सेन्सर, तळव्याखाली दाब ओळखणारी पट्टी असा साधारण साज असतो. सेन्सर क्षणाक्षणाला सांगतात की पाय कुठं आहे आणि वजन कुठल्या पायावर आहे, त्यानुसार मोटर जोर लावते. चांगल्या यंत्राचं मर्म मात्र जोर न लावण्यात आहे. तालमीत वस्ताद पोराला डाव शिकवताना त्याचा हात धरून पूर्ण डाव स्वतःच करत नाही, अडेल तिथंच हात लावतो. यंत्रालाही तसंच शिकवलेलं असतं. माणसानं चार आणे जोर लावला तर बारा आणे यंत्राचे, दुसऱ्या आठवड्यात आठ आणे, मग आणखी कमी. यंत्रानंच सगळं चालवलं तर पाय फक्त हलतो, शिकत काही नाही.

ही यंत्रं मुळात मणक्याला इजा झालेल्या किंवा पक्षाघात झालेल्या लोकांसाठी घडली. त्यांचा प्रश्न मेंदू आणि मज्जातंतूंचा असतो, कातडी धडधाकट असते. भाजलेल्या माणसाचं उलटं. इथं आपल्या पायातल्या चपलेची आठवण येते. नवी कोल्हापुरी चप्पल चावते, कारण चामडं आणि कातडी एकमेकींवर थोड्या थोड्या घसरतात. नुसत्या दाबापेक्षा या आडव्या ओढीनं फोड लवकर येतो. रोबोचे पट्टे मांडीला आणि पोटरीला बांधलेले असतात. गुडघा दाराच्या बिजागरीसारखा एकाच खिळ्याभोवती फिरत नाही, वाकताना तो घरंगळतो आणि सरकतोही. यंत्राचा सांधा मात्र बहुधा एकाच आसाभोवती फिरतो. दोन्ही आस जुळले नाहीत की प्रत्येक पावलाला पट्टा कातडीवर किंचित घासतो. १२०० पावलं, १२०० वेळा घासणं. नव्यानं लावलेली कातडी एवढ्यानं सोलून निघू शकते.

शिवाय अशा लावलेल्या कातडीत घामाच्या ग्रंथी परत येत नाहीत, त्यामुळे पट्ट्याखाली ऊब साठते. जपानच्या हॅल यंत्रासारखी काही यंत्रं त्वचेवर इलेक्ट्रोड चिकटवून स्नायूंचे विद्युत संकेत वाचतात. उघड्या जखमेवर ते चिकटवायचे कसे? आणि काही यंत्रांचं वजन २० किलोच्या वर आहे.

तरीही दक्षिण कोरियात सोल इथल्या हँगांग सेक्रेड हार्ट रुग्णालयाच्या भाजलेल्यांच्या विभागानं हे करून पाहिलं आहे. २०२० पासून त्यांचे शोधनिबंध येत आहेत. नेहमीच्या व्यायामाला रोबोवरच्या चालण्याची जोड दिली तेव्हा रुग्णांची चालण्याची क्षमता आणि सहा मिनिटांत कापलेलं अंतर सुधारलं. गट लहान होते, तेवढ्यावरून सगळ्यांसाठी ग्वाही देता येणार नाही. मला त्यांचा दुसरा एक प्रयत्न जास्त मोलाचा वाटतो. वाकड्या झालेल्या अवयवाचं त्रिमितीय स्कॅनरनं माप घेऊन त्यांनी यंत्र त्या रुग्णाच्या अंगाला बसेल असं केलं. आपले कारागीर कागदावर पाऊल ठेवून पेन्सिल फिरवतात, तीच बुद्धी.

अशा यंत्राची किंमत लाखांत मोजावी लागते, काहींची कोटीवर जाते. पण शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांत १४०० अंशांच्या आसपासचं वितळलेलं लोखंड रोज ओतलं जातं, हुपरीत चांदी वितळते, हंगामात गुऱ्हाळं पेटलेली असतात. भाजलेले पाय इथं आहेत, आणि ऑइल इंजिनांचे सुटे भाग घडवणारे हातही इथंच आहेत. हलका, मापाला बसणारा, आतून मऊ आणि हवा खेळती ठेवणारा पट्टा घडवणं कोल्हापूरला अवघड नाही, असं मला मनापासून वाटतं. मोटर बाहेरून येईना का. तोवर सांधा सरळ धरून ठेवणारी स्प्लिंट, दाब देणारे घट्ट कपडे, रोजचं ताणणं आणि जखम परवानगी देईल तितक्या लवकर उभं राहणं, एवढं तरी प्रत्येकाला मिळालंच पाहिजे. पहिल्या आठवड्यांत हे झालं नाही, तर नंतर आणलेलं यंत्र आखडलेल्या सांध्याशी नुसतं झगडत बसतं.

मामांच्या गुडघ्यामागचा वण पुढे शस्त्रक्रियेनं मोकळा केला. मग आठ महिने रोज व्यायाम. आता ते संध्याकाळी रंकाळ्यावर चालतात, टाच टेकते, उतारावर मात्र अजून पाय फेकतात.

गेल्या हिवाळ्यात शेजारच्या गावात एक पोरगा गरम पाण्यानं भाजला. मामी केळी घेऊन भेटायला गेल्या. पोराच्या आईशी दोन शब्द बोलण्याआधीच त्या खाटेजवळ गेल्या आणि त्याच्या गुडघ्याखालची उशी हळूच काढून घेतली.