बेळगावात बारा वाजता माध्यान्ह होत नाही

घड्याळात बारा वाजले की सूर्य बरोबर डोक्यावर येतो, ही समजूत बेळगाव, खानापूर, निपाणी भागात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ती चुकीची आहे. भारतीय प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि बेळगाव साडेचौऱ्याहत्तर अंशांच्या आसपास आहे. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने येथील माध्यान्ह सरासरीने 12 वाजून 32 मिनिटांनी होते, तर पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या गतीतील फरकामुळे आणि तिच्या कललेल्या आसामुळे ती नोव्हेंबरच्या आरंभी सव्वाबाराच्या सुमारास आणि फेब्रुवारीच्या मध्यास पाऊण वाजता येते. अंगणात सरळ काठी रोवून सावली कधी सर्वांत आखूड होते ते पाहावे, माध्यान्ह तीच. ती सावली पूर्ण नाहीशी होते ती वर्षातून दोनदाच, मे आणि ऑगस्टच्या पूर्वार्धात.

ही तफावत सरकारी चूक नव्हे. 1906 पासून देशासाठी एकच वेळ स्वीकारली गेली, तरी मुंबई शहराने 39 मिनिटे मागे असलेली आपली वेळ पुढे अनेक वर्षे जपली. दुसऱ्या महायुद्धात, 1942 ते 1945 या काळात, घड्याळे एक तास पुढे होती, तेव्हा तर येथे माध्यान्ह दीड वाजता होत असे. म्हणून माध्यान्हीच्या पूजेची वेळ काढताना बेळगावचे रेखांश धरलेलेच पंचांग वापरावे.